जपान कोणीं घडविला?

१९०५ सालीं जपाननें रशियासारख्या बलाढ्य सत्तेला पाणी पाजलें, आणि तेव्हांपासून हिंदुस्थानांतल्या व्यासपीठांवर जपानच्या नांवाचा जयजयकार सुरू झाला. तो योग्यच होता. एका आशियाई राष्ट्रानें युरोपच्या एका सम्राटाची मस्ती उतरविली, याचा आनंद कोणाला होणार नाहीं? पण या आनंदाच्या पाठोपाठ आपल्याकडच्या कांहीं पंडितांनीं जपानच्या नांवावर एक धडाही रचला. जपाननें म्हणे आपलें रक्त शुद्ध राखलें, देवापासून निघालेला राजवंश अखंड राखला, परक्याचा विटाळ घरांत येऊं दिला नाहीं, म्हणून तें राष्ट्र वर चढलें. तेव्हां तुम्हींही आपापली जात सांभाळावी, आपापल्या पायरीवर बसून राहावें, म्हणजे तुमचाही उत्कर्ष होईल! हा धडा जुना झाला तरी मेलेला नाहीं. नवे कपडे चढवून तो अजून फिरत असतो. म्हणून जपानच्या अगदीं आरंभींच्या काळाचा झाडा आम्ही आज घेणार आहों. हें सोंवळें राष्ट्र कोणाच्या हातांनीं उभें राहिलें, तें वाचकांनीं स्वतःच पाहावें.

पहिला प्रश्न पोटाचा. जपानी माणसाचें अन्न भात. हा भात त्या बेटांवर आपोआप उगवला नाहीं. तेथील आदिवासी लोक हजारों वर्षें शिकार करून, मासे मारून आणि रानांतलीं फळें, कंद, अक्रोड गोळा करून राहत. दोरीचा ठसा उमटविलेलीं सुरेख मडकीं ते करीत. पण खाचरांतली भातशेती त्यांना ठाऊक नव्हती. ती चीनच्या यांगत्से नदीच्या खोऱ्यांत जन्मली, कोरियांत रुजली, आणि ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकांत समुद्र ओलांडून जपानच्या क्यूशू बेटाच्या उत्तर किनाऱ्याला लागली. कोरियाचा किनारा आणि जपानचें त्सुशिमा बेट यांमध्यें जेमतेम ५० किलोमीटरांचें पाणी आहे. त्या पाण्यावरून माणसें आलीं आणि येतांना बियाणें, दगडी विळे, बांध घालण्याची विद्या, पाटाचें पाणी वळविण्याची युक्ति हें सारें घेऊन आलीं. क्यूशूमधील इताझुके आणि नाबाताके येथें त्यांचीं खाचरें जमिनीखालून बाहेर निघालीं आहेत. पाठोपाठ कांसें आणि लोखंड आलें.

खाचराबरोबर आणखीही एक पाहुणा आला, तो मात्र कोणी बोलावलेला नव्हता. बांध आला कीं बांधाचा वाद येतो. धान्याचें कोठार आलें कीं कोठाराचा मालक येतो. योशिनोगारी येथें उकरून काढलेलें गांव पाहा. भोंवतीं खंदक, टेहळणीचे माळे, धान्याचीं उंच कोठारें, आणि पुरलेल्या रांजणांत शिर नसलेला माणसाचा सांगाडा! पेरणारा आणि राखणारा असे दोन वर्ग तेथें पडूं लागले होते. शेजाऱ्याकडून येणारी प्रत्येक वस्तु अमृतच असते असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ती शेजाऱ्याकडूनच आली. राहिली रक्ताची गोष्ट. प्राचीन हाडांतील वंशद्रव्य तपासून शास्त्रज्ञांनीं २०२१ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्याप्रमाणें आजच्या जपानी माणसाच्या अंगांत त्या जुन्या शिकारी लोकांचें, ईशान्य आशियांतून आलेल्यांचें आणि पुढें पूर्व आशियांतून आलेल्यांचें, असें तिहेरी रक्त आहे. शुद्धतेचा घडा येथेंच फुटला.

आतां राजांकडे वळूं. १७८४ सालीं क्यूशूजवळच्या शिकानोशिमा बेटावर एका शेतकऱ्याला खाचराचा पाट दुरुस्त करतांना एक लहानशी सोन्याची मुद्रा सांपडली. इंचभरही रुंदी नसलेली ती मुद्रा चीनच्या हान सम्राटानें इ. स. ५७ मध्यें तिकडच्या ‘ना’ नांवाच्या राज्याच्या राजाला दिलेली आहे. पुढें इ. स. २३९ मध्यें हिमिको नांवाच्या राणीनें चीनच्या वेई दरबारीं वकील पाठविले. सम्राटानें तिला आपल्या स्नेहाची राणी अशी पदवी दिली आणि कांशाचे १०० आरसे भेट पाठविले. त्याच चिनी बखरींत असेंही लिहिलें आहे कीं, कोरियाच्या दक्षिणेकडील ब्योनहान प्रदेशांत लोखंड निघतें आणि तें नेण्यासाठीं इतर लोकांप्रमाणेंच जपानी लोकही तेथें येतात. म्हणजे राजाची पदवी चीनची आणि राजाच्या तरवारीचें लोखंड कोरियाचें! देवाच्या वंशाची कथा सांगणारे लोक हा जमाखर्च वाचून दाखवीत नाहींत.

पांचव्या शतकांत तर कारागिरांच्या वसाहतीच आल्या. कोरियाच्या गाया भागांतले कुंभार आले. तोंवर जपानांत मडकीं उघड्यावर भाजीत. या कुंभारांनीं डोंगराच्या उतारावर बंद भट्ट्या बांधल्या, हजार अंशांहून अधिक आंच दिली, आणि दगडासारखीं टणक, करडीं भांडीं काढलीं. ओसाकाच्या दक्षिणेस त्यांच्या भट्ट्यांची रांगच्या रांग सांपडली आहे. घोडे आले आणि घोडे पाळणारे आले. साळी आले, लोहार आले, हिशेब लिहिणारे कारकून आले. हाता नांवाचें एक मोठें कूळ समुद्र ओलांडून येऊन आजच्या क्योतोच्या खोऱ्यांत वसलें. त्यांनीं रेशमाचे किडे पाळले, माग चालविले, कात्सुरा नदीला बांध घालून पडीक खोरें लागवडीस आणलें. ७९४ सालीं सम्राट कान्मूनें नवी राजधानी वसविली ती याच खोऱ्यांत. भाताचा देव जो इनारी, ज्याचीं देवळें जपानभर आहेत, त्याचें फुशिमी येथील मूळ देऊळही परंपरेप्रमाणें या हाता कुळानेंच ७११ सालीं स्थापिलें. राजधानीची जमीन परक्या साळ्यानें कसलेली आणि भाताचा देवही त्यानेंच बसविलेला! आतां शुद्ध काय राहिलें तें पंडितांनीं शोधावें.

या लोकांना जपानी इतिहासकार पुष्कळ काळ ‘किकाजिन’ म्हणत, म्हणजे राजाच्या पायाशीं येऊन प्रजा झालेले लोक. जणूं कांहीं ते निराश्रित भिकारी होते आणि राजानें त्यांना पदरांत घेतलें! दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील विचारी अभ्यासकांनीं हा शब्द बाजूला सारला आणि ‘तोराइजिन’, म्हणजे समुद्र ओलांडून आलेले लोक, हा शब्द रूढ केला. वाचकहो, शब्दांत केवढें राजकारण असतें तें पाहा. देणारा हात घेणारा म्हणून लिहिला कीं काम झालें. ही हातचलाखी आपल्या देशांतही कोणी शिकवावी लागत नाहीं.

पण सर्वांत बोधप्रद आहे ती बौद्ध धर्माची हकीकत. कोरियांतील पेक्चे राज्याच्या राजानें ५३८ सालीं, किंवा दुसऱ्या गणनेप्रमाणें ५५२ सालीं, जपानच्या दरबाराला बुद्धमूर्ति आणि ग्रंथ पाठविले. दरबारांत दोन तट पडले. परदेशांतून आलेल्या लोकांशीं ज्यांचा घरोबा होता तें सोगा घराणें म्हणालें, हा धर्म घेऊं या. शस्त्रें बाळगणारें मोनोनोबे आणि देवपूजेची वंशपरंपरा मिरासदारी असलेलें नाकातोमी हीं घराणीं म्हणालीं, परक्या देवाला पूजाल तर घरचे देव कोपतील. मिरासदार पुजारी कोणत्याही देशांतला असो, त्याच्या देवाला कोप येतो तो नेमका पुजाऱ्याच्या उत्पन्नाला धक्का बसतो त्याच वेळीं! देशांत सांथ आली, तिचें खापर बुद्धाच्या डोक्यावर फुटलें, आणि मूर्ति कालव्यांत फेकण्यांत आली.

अशा दिवसांत, ५८४ सालीं, जपानांत बौद्ध धर्माची पहिली दीक्षा कोणीं घेतली? कोणा राजपुत्रानें नव्हे, दरबारी पंडितानेंही नव्हे. शिबा तात्तो नांवाच्या परदेशांतून आलेल्या गृहस्थाच्या ११ वर्षांच्या मुलीनें ती घेतली. तिचें दीक्षेचें नांव झेन्शिन. तिच्याबरोबर आणखी दोन मुली भिक्षुणी झाल्या. पुढच्याच वर्षीं विरोधकांनीं या मुलींचीं चीवरें हिसकावून घेतलीं आणि भर बाजारांत त्यांना फटके मारले. मुली डगमगल्या नाहींत. ५८७ सालीं मोनोनोबेंचा लढाईंत पाडाव झाला, आणि ५८८ सालीं झेन्शिन धर्माचे नियम शिकण्यासाठीं समुद्र ओलांडून पेक्चेला गेली. दोन वर्षांनीं ती परत आली. स्त्रीला विद्येचा आणि धर्माचा अधिकार नाहीं असें सांगणारांनीं ही हकीकत लक्षांत ठेवावी. जपानच्या बौद्ध धर्माची पहिली विद्यार्थिनी आणि परदेशीं जाऊन आलेली पहिली भिक्षुणी ही एक कोंवळी मुलगी होती.

त्याच ५८८ सालीं पेक्चेहून भिक्षूंबरोबर देऊळ बांधणारे सुतार, कौलें भाजणारे, चितारी असे कारागीर आले आणि आसुका येथें पहिला मोठा विहार उभा राहिला. त्यांतली सुमारें ९ फूट उंचीची कांशाची बुद्धमूर्ति ओतली ती तोरी नांवाच्या कारागिरानें. हा तोरी कोण? शिबा तात्तोचा नातू, म्हणजे फटके खाल्लेल्या त्या मुलीचा भाचा. त्याच्या कुळाचें आडनांवच ‘कुरात्सुकुरी’. त्याचा सरळ मराठी अर्थ जिनगर! घोड्याचें खोगीर करतांना लाकूड तासणें, धातु ओतणें, कातडें शिवणें, रोगण चढविणें हें सारें करावें लागतें. तो हात ज्याला वळला त्याला मूर्तीही साधली. ६२३ सालीं त्यानेंच ओतलेली शाक्यमुनीची त्रिमूर्ति होर्यूजी विहारांत आजही आहे. आसुकाची मूर्ति आगींत होरपळली, डागडुजी झाली, पण ती अजून त्याच जागीं बसली आहे. आम्ही आपल्या शिल्पकलेचा अभिमान बाळगतों, पण शिल्पकाराची जात विचारून त्याला गाभाऱ्याबाहेर उभें करतों. जपानच्या दरबारानें या जिनगराला पदवी दिली आणि जमीन दिली.

आठव्या शतकांत नारा येथें तोदाइजीची महाकाय बुद्धमूर्ति झाली. सुमारें ५० फूट उंचीच्या या मूर्तीच्या कामाला कोण कोण लागले? मूर्तिकारांचा प्रमुख कुनिनाका नो किमिमारो. त्याचा आजा पेक्चे राज्य बुडाल्यावर आश्रयाला आलेला. मुलाम्याला सोनें हवें होतें, तें ७४९ सालीं मुत्सु प्रांतांत सांपडलें, आणि तें दरबाराला पाठविणारा तेथील सुभेदार पेक्चेच्या राजघराण्याचा वंशज. या कामासाठीं लोकांना जमविणारा ग्योकी भिक्षु, तोही अशाच परदेशांतून आलेल्या कुळांतला. या ग्योकीची थोरवी वेगळी सांगितली पाहिजे. तो विहारांत पोथी उघडून बसला नाहीं. गांवोगांव हिंडून त्यानें पूल बांधले, तळीं खोदलीं, पाट काढले, वाटसरूंसाठीं धर्मशाळा घातल्या. रयत त्याच्यामागें लोटली, तेव्हां ७१७ सालीं सरकारनें हुकूम काढून त्याला ‘क्षुद्र भिक्षु’ म्हणून हिणविलें आणि त्याच्या लोकांत फिरण्यावर बंदी घातली. पुढें मूर्तीसाठीं पैसा आणि माणसें हवीं झालीं, तेव्हां त्याच सरकारनें ७४५ सालीं त्याला सर्व भिक्षूंत श्रेष्ठ अशी पदवी दिली! लोकसेवकाची किंमत सत्ताधाऱ्यांना गरज पडल्यावर कळते, हा जगाचा नियमच दिसतो.

आणि ७५२ सालीं त्या मूर्तीचे डोळे रंगवून तिची प्रतिष्ठा केली ती आपल्या देशांतल्या माणसानें. त्याचें नांव बोधिसेन. जन्मानें ब्राह्मण, दीक्षेनें बौद्ध भिक्षु. चीनमार्गें तो ७३६ सालीं जपानला पोंचला होता. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनीं त्या हातांत धरल्या होत्या, हेतु हा कीं पुण्यांत सर्वांचा वांटा असावा. तो कुंचला आणि ती दोरी नारामध्यें अजून जपून ठेवलेली आहे. समुद्र ओलांडला कीं ब्राह्मण्य बुडतें असें ज्यांनीं शेंकडों वर्षें सांगितलें, त्यांनीं या बोधिसेनाचें नांव आम्हांला कधीं सांगितलें नाहीं. कां सांगतील? त्यानें बुडविण्यासारखें होतें तें बुडविलें आणि तारण्यासारखें होतें तें पैलतीरीं नेलें.

दुसरीही एक देणगी आपल्या वाचकांना गोड वाटेल. जपानी लोकांना स्वतःची लिपि नव्हती. अक्षरें चीनचीं, शिकविणारे कोरियाचे. पेक्चेहून वानी नांवाचा पंडित कन्फ्यूशियसचें पुस्तक घेऊन आला अशी त्यांची जुनी बखर सांगते. पुढें त्यांनीं चिनी अक्षरें घासून-पुसून आपली सुटसुटीत काना लिपि केली. त्या लिपीची वर्णमाला कशी म्हणतात पाहा: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. मराठी शाळेतल्या पोराच्या कानाला ही ओळ परकी वाटेल काय? ‘च’च्या जागीं ‘स’ बसला आहे, आणि ‘ह’ जेथें आहे तेथें पूर्वीं ‘प’सारखा उच्चार होता. बौद्ध भिक्षूंनीं संस्कृत मंत्रांसाठीं आपल्याकडील वर्णक्रम अभ्यासिला, त्याचाच हा ठसा. दरबारी पुरुष चिनी भाषेंत लिहिण्यांत भूषण मानीत आणि या साध्या लिपीला ‘बायकी हात’ म्हणत. त्याच बायकी हातानें अकराव्या शतकाच्या आरंभीं मुरासाकी शिकिबू नांवाच्या स्त्रीनें ‘गेंजी’ची कथा लिहिली, आणि आज जग ओळखतें तें तिला. देवभाषेचा ताठा मिरविणाऱ्यांचें काय होतें, त्याचा हा दाखला आहे.

येथवर काय घेतलें तें पाहिलें. आतां काय घेतलें नाहीं, हा खरा मुद्दा. ६३० सालापासून दोनशें वर्षांवर जपाननें चीनच्या तांग दरबाराकडे वकील पाठविले. राजधानीचा नकाशा घेतला, कायदा घेतला, खातीं घेतलीं, पंचांग घेतलें. ७०१ सालच्या कायद्यानें माणशीं जमीन वांटण्याची पद्धतही घेतली. पुरुषाला दोन तान, स्त्रीला त्याच्या दोनतृतीयांश. पण चीनमध्यें परीक्षा देऊन सरकारी अधिकार मिळविण्याची वाट होती. ती वाट त्या काळीं तेथेंही मोठ्या घराण्यांनाच सोपी होती, पण वाट होती खरी. जपानच्या उमरावांनीं परीक्षा आणली आणि तिचा जीव काढून घेतला. राजधानींतलें विद्यालय मुख्यतः पांचव्या दर्जाच्या वरच्या घराण्यांतल्या मुलांसाठीं. सर्वांत कठीण परीक्षा उत्तम रीतीनें उतरणाऱ्याला दर्जा मिळे आठवा. आणि पहिल्या दर्जाच्या उमरावाच्या वडील मुलाला कांहीं न करतां, नुसत्या बापाच्या सावलीनें, दर्जा मिळे पांचवा! या पद्धतीचें नांवच ‘सावलीचा दर्जा’ असें होतें. तसेंच, जुलमी राजाकडून ईश्वर राज्याचा अधिकार काढून घेतो हें चिनी तत्त्व. तेंही बंदरावरच अडविलें गेलें. उलट प्रजेचे ‘चांगले’ आणि ‘हलके’ असे दोन भाग पाडण्याचा कायदा मात्र आनंदानें उतरवून घेतला. हलक्यांचे पांच प्रकार ठरले, त्यांचा चांगल्यांशीं विवाह बंद झाला, आणि खासगी गुलामांना जमिनीचा वांटा इतरांच्या एकतृतीयांश ठरला.

वाचकहो, येथें नीट लक्ष द्या. संस्कृति घेणें म्हणजे बाजारहाट करणें आहे, आणि पिशवी कोणाच्या हातीं आहे यावर घरीं काय येतें तें ठरतें. भात, भट्टी, माग, मूर्ति हें कारागिरांच्या हातांनीं आलें, म्हणून तें सर्वांचें झालें. कायदा आणि विद्या उमरावांच्या हातांनीं आली, तेव्हां जन्माच्या मिरासदारीला सोयीचें तेवढें आलें आणि गैरसोयीचें मागें राहिलें.

मग या मिरासदारीला शोभेसा इतिहास हवा. ७१२ आणि ७२० सालीं दरबारनें दोन बखरी लिहवून राजवंश सूर्यदेवतेशीं जोडला. तरीही सत्य पुरतें लपलें नाहीं. ८१५ सालीं त्याच दरबारानें राजधानी आणि भोंवतालच्या पांच प्रांतांतील कुळांची यादी केली. १,१८२ कुळांपैकीं ३२६ कुळें परदेशांतून आलेलीं म्हणून तींत स्वतंत्र नोंदलीं आहेत. सम्राट कान्मूची आई पेक्चेच्या मुर्योंग राजाच्या वंशांतली, हेंही सरकारी बखरींतच लिहिलें आहे. २००१ सालच्या डिसेंबरांत तेव्हांचे सम्राट आकिहितो यांनीं या नोंदीचा जाहीर उल्लेख करून कोरियाशीं आपल्याला आपलेपणा वाटतो असें सांगितलें.

हें सत्य वेळेवर सांगितलें असतें तर? १९१० सालीं जपाननें कोरिया गिळला, तेथील भाषा आणि नांवें दडपलीं. १९२३ सालीं तोकियोच्या बाजूला भूकंप झाला, तेव्हां कोरियन लोकांनीं विहिरींत विष घातलें अशी कंडी उठली आणि कोरियन मजुरांच्या कत्तली झाल्या. ज्यांच्या पूर्वजांनीं भात, लोखंड आणि अक्षर दिलें, त्यांचीच ही परतफेड! आणि ज्या देशाची मोठी बुद्धमूर्ति एका जिनगरानें ओतली, त्याच देशांत पुढें तोकुगावांच्या अमलांत कातडें कमावणारांना गांवाबाहेर घातलें, त्यांचा स्पर्श विटाळ मानला. १८७१ सालीं कायद्यानें तो कलंक पुसला; पण मनांतून पुसेना, म्हणून १९२२ सालीं त्या लोकांना क्योतो येथें स्वतःची संघटना काढून मान वर करावी लागली.

जपानी लोकांचें स्वतःचें असें कांहीं नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. घेतलेल्या वस्तूला त्यांनीं आपला हात लावला, ती आपलीशी केली, मूळ धन्याच्या घरीं जें मोडलें तें कित्येकदां त्यांच्या घरीं जपलें गेलें. हीच त्यांची थोरवी, आणि ती उघड्या दाराची थोरवी आहे, सोंवळ्याची नव्हे. तेव्हां यापुढें कोणी जपानचें नांव घेऊन आमच्या बहुजनसमाजाला रक्तशुद्धीचें पुराण सांगूं लागला, तर त्याला तीन प्रश्न विचारावे. भाताचें खाचर कोणीं आणलें? रेशमाचा माग कोणीं मांडला? बुद्धाची मूर्ति कोणीं ओतली? उत्तरें एकच आहेत: परदेशांतून आलेल्या शेतकऱ्यानें, साळ्यानें आणि जिनगरानें. राष्ट्र श्रम करणारे हात घडवितात. शुद्धतेची वंशावळ त्यानंतर लिहिली जाते, आणि ती लिहिणारा बहुधा कोठारावर बसलेला असतो.